चौथ्या दिवशीचा घाम

वाचकाचं पत्र:

निसर्गोपचाराचं शिक्षण पूर्ण करून आठ महिन्यांपूर्वी मी स्वतःची प्रॅक्टिस सुरू केली. गेल्या महिन्यात बावन्न वर्षांचे एक गृहस्थ आले. त्यांना पाच वर्षांपासून मधुमेह आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहेत, शिवाय रक्तदाबाची एक गोळी. ‘मला गोळ्यांतून सोडवा, आणि माझ्या डॉक्टरांना यातलं काही कळता कामा नये,’ अशी त्यांची अट होती. मी सात दिवसांचा उपवास दिला. पहिले तीन दिवस पातळ सूप, पुढे नुसतं पाणी, जोडीला कटिस्नान आणि पोटावर मातीपट्टी. गोळ्यांबद्दल मी काहीच बोलले नाही आणि त्यांनी त्या चालूच ठेवल्या. चौथ्या दिवशी दुपारी त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, छातीत धडधडायला लागलं, बोलणं अडखळायला लागलं. मी घाबरून माझ्या सरांना फोन केला. ते म्हणाले, ‘ही हीलिंग क्रायसिस आहे. विष बाहेर पडतंय, मध्ये हात घालू नकोस.’ तेवढ्यात घरच्यांनी मधाचं पाणी पाजलं आणि अर्ध्या तासात ते सावरले. आता ते भेटेल त्याला सांगतात की शुगर कधी नव्हे इतकी खाली आली, आणि सगळ्या गोळ्या कायमच्या बंद करायचा हट्ट धरून बसलेत. सरांचंही तेच म्हणणं, ‘दोन दगडांवर पाय ठेवून निसर्गोपचार होत नाही.’ मला मात्र त्या दुपारपासून नीट झोप नाही. ती खरंच हीलिंग क्रायसिस होती का? गोळ्या बंद करू का? आणि आपल्या शास्त्राच्या पायावरचाच विश्वास हलला असेल तर मी या कामात राहावं का?

उत्तर:

ती हीलिंग क्रायसिस नव्हती. त्यांची साखर घसरली होती.

त्या वेळी ग्लुकोमीटर लावला नाही म्हणून आकडा आपल्यापाशी नाही, पण तुम्ही लिहिलेली चारही लक्षणं रक्तातली साखर धोकादायक खाली गेल्याची आहेत. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. माणूस जेवला आहे की उपाशी आहे, हे तिला कळत नाही. तीन दिवस जेमतेम खाल्लेला माणूस चौथ्या दिवशी नुसत्या पाण्यावर आला आणि गोळी मात्र रोजच्यासारखीच पोटात गेली, तेव्हा दुसरं काही होणं कठीणच होतं. मधाच्या पाण्याने ते सावरले, हा तर पुरावाच म्हणायचा. विष बाहेर पडत असतं, तर ते चमचाभर मधाने अर्ध्या तासात थांबलं नसतं. त्या दिवशी त्यांना त्यांच्या घरच्यांनी वाचवलं. हे वाचताना तुम्हाला वाईट वाटेल याची मला कल्पना आहे, पण तुमची झोप उडाली आहे ती याच शंकेने, आणि ती शंका खरी आहे.

पुढचं वाचण्याआधी एक काम करा. त्यांना आत्ता फोन करा. उपवास पूर्ण थांबला आहे का, ते नेमकं काय खातात आणि कोणती गोळी किती घेतात, हे विचारा. घरात ग्लुकोमीटर आणि साखर हाताशी ठेवायला सांगा. पुन्हा घाम, थरथर, धडधड किंवा असंबद्ध बोलणं झालं तर आधी साखर मोजायची. आकडा ७० मिलिग्रॅमच्या खाली असला, किंवा मोजायला काही जवळ नसलं, तर पाण्यातून तीन-चार चहाचे चमचे साखर द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट रुग्णालय गाठायचं. ग्लिमेपिराइडचा परिणाम दिवसभर टिकू शकतो. एकदा सावरलेला माणूस काही तासांनी पुन्हा घसरू शकतो, म्हणून त्या दिवशी त्याला एकटं सोडायचं नाही. त्यांची रक्तदाबाची गोळी बीटा ब्लॉकर आहे का, तेही पाहा. त्या गटातल्या गोळ्यांमुळे साखर घसरताना धडधड आणि थरथर दबून जाते आणि इशारा म्हणून फक्त घाम उरतो. पुढच्या वेळी एवढी ठळक सूचना मिळेलच असं धरून चालू नका.

आता त्या शब्दाबद्दल. हीलिंग क्रायसिस ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. रोग म्हणजे साचलेला मल, आणि शरीर तो जोराने बाहेर टाकतं तेव्हा लक्षणं उफाळतात, असं विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे निसर्गोपचारक शिकवत. उपवासाच्या पहिल्या दिवसांत डोकं दुखतं, जीव मळमळतो, चिडचिड होते, हे आपण रोज पाहतो. पण त्यातली बरीचशी कारणं साधी असतात. चहा-कॉफी एकदम सुटलेली असते, पाणी आणि मीठ कमी पडलेलं असतं. या कल्पनेतला खरा धोका निराळा आहे. रुग्ण सुधारला तर उपचार लागू पडला, बिघडला तरी उपचार लागूच पडतोय, असं ती उपचारकाला सांगते. मग आपण चुकतो आहोत हे त्याला कळायचं कसं? मी माझ्यापुरता नियम केला आहे, आणि तो तुम्हीही करावा असं मला मनापासून वाटतं. रुग्णाची नाडी, रक्तदाब, साखर आणि ताप मोजून लिहिल्याशिवाय हा शब्द तोंडातून काढायचा नाही. गेल्या कित्येक वर्षांत, मोजून झाल्यावर तो शब्द वापरायची वेळ माझ्यावर आलेली नाही.

हा नियम मला शहाणपणातून सुचला नाही. प्रॅक्टिसच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे एक बाई आल्या. बद्धकोष्ठ, शौचाला अधूनमधून रक्त, थकवा. मी मूळव्याध धरून चालले. चार महिने एनिमा, कटिस्नान, चोथायुक्त आहार दिला. मध्ये पंधरा दिवस रक्त थांबलं, तेव्हा मी मनात खूश झाले. त्यांचं वजन उतरत होतं, तीही मला सुधारणाच वाटली. पुढे त्यांच्या मुलीने त्यांना सर्जनकडे नेलं आणि मोठ्या आतड्यातली कर्करोगाची गाठ सापडली. ती चार महिने आधी सापडली असती तर काय झालं असतं, याचं उत्तर कुणी देऊ शकत नाही, पण ते चार महिने मी घेतले होते. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. दूर न पसरलेल्या, म्हणजे बरं होण्याची आशा असलेल्या कर्करोगात ज्यांनी नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेतले, त्यांचा मृत्यूचा धोका एकूण अडीच पट दिसला. मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगात तो साडेचार पटीच्या वर होता. तो आकडा वाचताना मला त्या बाईंचा चेहराच आठवत होता.

आणि तरीही मी या कामात आहे. का, ते सांगायचं तर तुम्ही विचारलेल्या पायाकडेच यावं लागतं.

निसर्गोपचाराची सहा तत्त्वं तुम्ही परीक्षेसाठी पाठ केली असतील. अमेरिकेतल्या निसर्गोपचार वैद्यांच्या संघटनेने १९८९ साली ती एकत्र मांडली. निसर्गाची बरं करण्याची शक्ती, कारणाचा शोध, अपाय न करणं, वैद्याने शिक्षक होणं, पूर्ण माणसाचा विचार आणि प्रतिबंध. पहिलं तत्त्व भिंतीवर टांगलं जातं आणि दुसरं विसरलं जातं, असा माझा अनुभव आहे. कारण शोधा, असं आपलं शास्त्र म्हणतं. मग शौचाला रक्त पडणाऱ्या बाईची कोलोनोस्कोपी होईपर्यंत मी कारण शोधलं होतं का? मी फक्त एक कारण गृहीत धरलं होतं. रक्ततपासणी, सोनोग्राफी, बायॉप्सी ही ‘त्यांची’ साधनं आहेत, हा समज आपल्यातल्या पुष्कळांना असतो. कारणाच्या मागे खरोखर जायचं असेल तर ती जितकी त्यांची तितकीच आपलीही आहेत. बुबुळ बघून मूत्रपिंडाचं निदान करणारे अजून भेटतात. १९७९ सालीच ते तपासून झालं आहे. १४३ जणांच्या डोळ्यांची छायाचित्रं बुबुळतज्ज्ञांना दाखवली, आणि मूत्रपिंडाचा आजार कुणाला आहे नि कुणाला नाही हे त्यांना ओळखता आलं नाही. कारणाला आपण मानत असलो तर असल्या गोष्टी आपणच आपल्या दवाखान्यातून बाहेर काढायला हव्यात.

‘अपाय करू नका’ याचाही अर्थ आपण सोयीने लावतो. पाणी, माती आणि उपवास यांत कसला आलाय अपाय, असं म्हणतो. तुमच्या रुग्णाला झाला तो उपवासामुळेच झाला. बव्हेरियातले पाद्री सेबास्टियन क्नाइप यांच्याकडून आपण पाण्याचे निम्मेअधिक उपचार घेतले. तरुणपणी क्षयाने खचलेले असताना त्यांनी ऐन थंडीत डॅन्यूब नदीत बुड्या मारल्या होत्या. अशा माणसाने रुग्णांनाही तसंच कडक पाणी दिलं असेल असं वाटेल, आणि सुरुवातीला त्यांनी ते दिलंही. पण १८८६ साली छापलेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी मोकळेपणाने लिहिलं की अनुभवाने ते कडकाकडून सौम्याकडे आणि सौम्याकडून आणखी सौम्याकडे आले. पुढे त्यांनी शिकलेल्या डॉक्टरांनाही सोबत घेतलं. सर ज्याला दोन दगडांवर पाय म्हणतात, ते क्नाइप यांनी एकोणिसाव्या शतकात केलं होतं. उपचारांची जी चढती पायरी आपल्याला शिकवतात, म्हणजे आधी झोप, आहार, हालचाल, मग पाणी आणि वनस्पती, मग औषधं, शस्त्रक्रिया शेवटी, तिच्यात औषध आणि शस्त्रक्रिया या पायऱ्याही आहेत. त्या त्याच जिन्याच्या आहेत. रुग्ण कोणत्या पायरीवर उभा आहे हे आधी ओळखायचं असतं. सगळ्यांना खालच्या पायरीवर ओढून आणण्यासाठी तो जिना बांधलेला नाही.

आता गोळ्या. तुमच्या रुग्णाची इच्छा चुकीची नाही, हे त्यांना आधी सांगा. आहाराने टाइप २ मधुमेह मागे हटू शकतो, आणि त्याला आता चांगला आधार आहे. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेतल्या दवाखान्यांतून डायरेक्ट नावाची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आत असलेले आणि इन्सुलिन न घेणारे लोक त्यात घेतले. त्यांना तीन ते पाच महिने दिवसाला साधारण ८५० कॅलरींचा मोजका आहार दिला. वर्षाच्या शेवटी त्या गटातल्या ४६ टक्के लोकांची साखर गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या मर्यादेच्या खाली होती. नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात हे प्रमाण ४ टक्के होतं. ज्यांनी १५ किलो किंवा जास्त वजन उतरवलं, त्यांच्यात तर ते ८६ टक्के निघालं. आपल्या शास्त्राने शंभर वर्षं सांगितलं त्यातलं काही इथे मोजून सिद्ध झालं, याचा मला मनापासून आनंद आहे.

पण त्या चाचणीतली एक गोष्ट नीट पाहा. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या आहार सुरू होण्याच्या दिवशीच थांबवल्या होत्या. ज्या दवाखान्यातून त्या लिहून दिल्या जात होत्या, तिथल्याच लोकांनी, ठरलेल्या योजनेने थांबवल्या होत्या, आणि साखर किंवा रक्तदाब वर गेला तर परत कधी सुरू करायच्या हेही आधीच ठरवलेलं होतं. तुम्ही उलटं केलंत. आहार काढला आणि गोळी तशीच ठेवली. सर आता दुसऱ्या टोकाला जायला सांगतात, की कुणालाही न सांगता सगळंच बंद करा. या दोन्ही चुका एकाच ठिकाणी उगवतात. ज्याने गोळी दिली त्याच्याशी कुणी बोललंच नाही.

म्हणून गोळ्या तुम्ही बंद करू नका. तो निर्णय त्यांच्या डॉक्टरांचा आहे, आणि तो घडवून आणणं तुमचं काम आहे. अमेरिकेतल्या काही राज्यांत परवानाधारक निसर्गोपचार वैद्यांना काही औषधं लिहिता येतात. जर्मनीत १९३९ च्या कायद्याने मान्यता मिळालेल्या हाइलप्राक्टिकर उपचारकांना डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारी औषधं लिहिता येत नाहीत. प्रत्येक प्रदेशाचा नियम वेगळा, आणि तुमच्या प्रदेशातला तुम्हाला मुखोद्गत हवा. जे औषध लिहून द्यायचा अधिकार आपल्याला नाही, ते थांबवायचाही नाही, असं मी धरते. काही औषधं तर एका दिवसात सोडली की माणूस दगावू शकतो. टाइप १ मधुमेहातलं इन्सुलिन, बरेच दिवस घेतलेले स्टेरॉइड, अपस्माराच्या गोळ्या. बीटा ब्लॉकरही झटक्यात थांबवायचे नसतात. आणि कुणी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या घेत असेल तर त्याला उपवास देण्याचा विचारही डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करू नका. त्या गटातल्या गोळ्यांवर उपाशी राहिलं तर साखर जवळपास ठीक दिसत असतानाही रक्तात आम्लता वाढते. उलट्या होतात, पोट दुखतं, श्वास जोरात चालतो. तुमचे सर त्यालाही विष बाहेर पडणं म्हणतील. काढे-चूर्णांचंही विचारत जा. सेंट जॉन्स वर्टसारखी वनस्पती रक्त गोठू न देणाऱ्या वॉरफरिनचा आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम उतरवते, आणि ‘हे तर नैसर्गिक आहे’ म्हणून रुग्ण तिचं नावच घेत नाहीत.

‘डॉक्टरांना कळता कामा नये’ ही अट तुम्ही पहिल्याच दिवशी मान्य केलीत, खरी चूक तिथे झाली. त्यांच्या परवानगीशिवाय तुम्ही डॉक्टरांना काही कळवू शकत नाही, हे खरं. पण अशा अटीवर उपवास न देण्याचा अधिकार तुम्हाला आहे. त्यांना समोर बसवा आणि सांगा, ‘तुमच्या गोळ्या कमी व्हाव्यात असं मलाही वाटतं. पण तुमच्या डॉक्टरांच्या नकळत मी तुम्हाला उपाशी ठेवणार नाही. त्या दुपारी जे झालं ते मी ओळखलं नाही, आणि तसं पुन्हा होऊ देणार नाही.’ ते चिडतील. कदाचित दुसऱ्या कुणाकडे जातील. जाऊ द्या. माझ्या अनुभवात अशी अट घालणारे लोक बहुतेक डॉक्टरांना नव्हे, त्यांच्या रागावण्याला घाबरलेले असतात. ‘चिठ्ठी मी लिहून देते, तुम्ही फक्त नेऊन द्या,’ म्हटलं की निम्मे तयार होतात.

चिठ्ठी छोटी ठेवा. रुग्णाचं नाव, वय, चालू औषधं. मग एवढंच: ‘आहारात बदल करून वजन उतरवण्यासाठी हे माझ्याकडे येतात. कमी आहार आणि ग्लिमेपिराइड एकत्र आल्यावर अमुक तारखेला साखर घसरल्यासारखी लक्षणं दिसली, साखर देताच ती थांबली. त्या वेळी मोजमाप झालं नाही. पुढचा आहार आपल्या सल्ल्याने आखायचा आहे. गोळ्यांचं प्रमाण कसं ठेवावं, कृपया कळवावं.’ निसर्गोपचाराचं श्रेष्ठत्व त्यात नको, माफीही नको. माझ्या पहिल्या काही चिठ्ठ्यांना उत्तरच आलं नाही. एकावर ‘हे बंद करा’ एवढंच लिहून आलं. नंतर एका डॉक्टरांनी स्वतः फोन केला, आणि आजही आम्ही एकमेकांकडे रुग्ण पाठवतो. याला वर्षं लागतात.

सरांबद्दल लिहिताना माझा हात थोडा अडखळतो, कारण ज्याने शिकवलं त्याच्याविरुद्ध जाणं सोपं नसतं. त्यांच्याशी वाद घालू नका. तुम्ही फोन केलात तेव्हा रुग्ण त्यांच्या समोर नव्हता, आणि त्यांनी एकही प्रश्न न विचारता निदान केलं. तुमच्या दवाखान्यातल्या माणसाची जबाबदारी फोनच्या पलीकडे नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली निसर्गोपचाराच्या शिक्षणाचे निकष प्रसिद्ध केले. वैद्यकीय पार्श्वभूमी नसलेल्या विद्यार्थ्याला किमान १५०० तासांचं शिक्षण हवं, आणि त्यातले किमान ४०० तास देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांसोबत हवेत, असं त्यात म्हटलं आहे. तुमचे ते तास किती झाले, मोजून पाहा. कमी भरले तर एखाद्या अनुभवी निसर्गोपचारकाकडे आठवड्यातून दोन दिवस बसायला जा, शक्यतो अशाकडे जिथे फिजिशियनही येतात. तोवर इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या कुणालाही उपवास देऊ नका. आहार, चालणं, झोप यांवर काम करा. त्यात तुम्हाला वाटतं त्यापेक्षा पुष्कळ काही आहे.

या कामात राहावं का, असं विचारलंत. ज्याला त्या दुपारनंतर शांत झोप लागली असती, त्याला मी नको म्हटलं असतं. तुम्ही राहा.

आणि आज रात्री त्या गृहस्थांचा केसपेपर काढा. चौथ्या दिवशीच्या नोंदीत तुम्ही बहुधा ‘हीलिंग क्रायसिस’ असं लिहिलं असेल. ते खोडरबरने पुसू नका, पानही फाडू नका. त्यावर एकच रेघ मारा, खालचे शब्द वाचता येतील अशी. त्याखाली आजची तारीख घालून लिहा: ‘साखर घसरल्याची शक्यता. मोजली नाही. ग्लिमेपिराइड चालू असताना उपवास दिला.’ आणि सही करा.